पहाटे पाच चाळीसची बस: बायकांच्या नोकरीचं गणित देशोदेशी वेगळं का?

पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका मुलीनं विचारलं आहे: आपल्याकडे मुली मुलांच्या बरोबरीनं शिकतात, तरी नोकरीत इतक्या कमी का दिसतात? स्वीडन, व्हिएतनाम, बांगलादेश इथल्या बायका मोठ्या संख्येनं कामाला जातात, त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय? आणि शेवटी हा सगळा संस्कृतीचाच प्रश्न आहे का? तिला यावर प्रबंध लिहायचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी सव्वीस वर्षं पुण्याजवळच्या चाकण, रांजणगाव आणि हिंजवडी या पट्ट्यातल्या कंपन्यांत एचआरचं काम केलं. भरती, रजा, बसचे रूट, पाळणाघर, राजीनामे, सगळं हाताखालून गेलं. त्याआधी चार वर्षं रोजगाराच्या पाहण्यांसाठी जुन्नर-आंबेगावकडच्या गावांत प्रश्नावली घेऊन दारोदार फिरले. या दोन्ही कामांतून माझं एक मत पक्कं झालं आहे. बाई कामाला जाईल की नाही हे तिच्या शिक्षणावरून किंवा इच्छेवरून फारसं कळत नाही. तिच्या दिवसातून सलग किती तास मोकळे निघतात आणि ते मोकळे करण्याचा खर्च कोण उचलतं, यावरून कळतं. हा खर्च कुठे सरकार उचलतं, कुठे कंपनी, कुठे सासू, कुठे दुसऱ्या घरची गरीब बाई. देशादेशांतला बराचसा फरक इथे आहे.

शिक्षणाचं आधी मिटवून टाकते. 1848 साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, त्या शहरात मुलींनी शिकावं की नाही हा वाद आता उरलेला नाही. देशभरात 2021-22 च्या उच्च शिक्षण पाहणीत मुलींचा नोंदणीचा दर 28.5 टक्के होता आणि मुलांचा 28.3. म्हणजे कॉलेजच्या दारापर्यंत बरोबरी झाली. पण शिक्षण वाढलं की नोकरी आपोआप येते असं नाही. जॉर्डनमध्ये विद्यापीठं मुलींनी भरलेली आहेत, तरी कामाच्या वयातल्या साधारण सात बायकांमागे एकच कामात आहे किंवा काम शोधते आहे. उलट टांझानिया आणि मादागास्करमध्ये शिक्षण कमी, पण दहातल्या आठ बायका कामात. तिथे शेत कसल्याशिवाय चूल पेटत नाही. तेव्हा आकडा मोठा दिसला की त्या देशातल्या बायका सुखात आहेत असं समजू नका. आकड्याच्या मागे पगार आहे की नाइलाज, हे पाहिल्याशिवाय तुलना करता येत नाही.

आणि आकडा मोजतात कसा, हेही पाहावं लागतं. पाहणीच्या दिवसांतली एक दुपार मला अजून आठवते. कांदा काढणीचे दिवस. ओट्यावर एक ताई विळा घेऊन कांद्याची पात कापत बसलेल्या, बोटं पातीच्या चिकानं काळपट झालेली, बाजूला कापलेल्या कांद्याचा गुडघाभर ढीग, मागे गोठ्यात दोन म्हशी. मी विचारलं, "ताई, तुम्ही काय काम करता?" त्या हात न थांबवता म्हणाल्या, "मी कुठं काय करते, घरीच असते." आतून त्यांच्या यजमानांचा आवाज आला, "तिचं नाव लिहू नका मॅडम, ती कामाला जात नाही." मग मी प्रश्न बदलला. सकाळी उठल्यापासून काय काय केलंत? धारा काढल्या, दूध डेअरीत पाठवलं, शेण काढलं, वैरण आणली, स्वयंपाक, मग अकरापासून कांदा. दुधाचं बिल यजमानांच्या नावावर, कांद्याची पट्टी यजमानांच्या नावावर. पहिल्या प्रश्नाला त्या बेकामाच्या, दुसऱ्या प्रश्नाला दिवसाचे नऊ तास काम करणाऱ्या. प्रश्नावली भरणारा माणूस घाईत असला की अशा लाखो बायका आकड्यातून गळतात.

म्हणून भारताचे आकडे वाचताना सावध राहा. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत 15 वर्षांवरच्या बायकांचा सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण, 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 41.7 टक्के झाला. सहा वर्षांत इतकी वाढ क्वचितच कुठे होते. पण काम करणाऱ्या शंभर बायकांपैकी 2017-18 मध्ये 52 स्वयंरोजगारात होत्या, त्या 2023-24 मध्ये 67 झाल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त घरच्याच शेतात किंवा दुकानात बिनपगारी हात देणाऱ्या. महिन्याचा ठरलेला पगार घेणाऱ्या मात्र शंभरात 21 होत्या, त्या 16 वर आल्या. या वाढीत ओट्यावरच्या त्या ताई अखेर मोजल्या गेल्या असतील तर मला आनंदच आहे, कारण त्या पहिल्यापासून काम करतच होत्या. मात्र याला कुणी नोकऱ्या वाढल्या असं म्हटलं तर मी ते मान्य करणार नाही. शहरांत 2023-24 मध्येही शंभरातल्या 28 बायकाच कामात किंवा कामाच्या शोधात होत्या.

देश गरिबीतून वर येताना बायकांचा सहभाग आधी घटतो आणि मग वाढतो, असं अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिलं. बायकांच्या श्रमाच्या अभ्यासासाठीच त्यांना 2023 चं नोबेल मिळालं. आलेख काढला तर रेषा वाटीसारखी दिसते: एका कडेला शेतात राबणाऱ्या बायका, दुसऱ्या कडेला ऑफिसात बसणाऱ्या, आणि मध्ये खोल तळ. तो तळ मी खेड तालुक्यात पाहिला आहे. मुलगा कंपनीत लागला की घरचे पहिली गोष्ट करतात ती म्हणजे सुनेचं रोजानं खुरपायला जाणं बंद. "आता कशाला जाते दुसऱ्याच्या रानात? लोक काय म्हणतील, मुलगा कमावतोय आणि सून रोजंदारीला?" सासूनं आयुष्यभर रोजानं काम केलेलं असतं, सुनेला ते करावं लागू नये यात तिला प्रेम वाटतं आणि प्रतिष्ठाही. सून दहावी-बारावी शिकलेली असते. खुरपणं सुटलं, आणि बारावीला शोभेल असं काम घराजवळ नाही. ती तळात अडकते. वाटीची दुसरी कड चढायला शिक्षण पुरत नाही, तिच्या पायरीचं काम जवळ असावं लागतं.

आता संस्कृतीकडे येते. माझ्या मते या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर जर्मनीत मिळतं. 1949 ते 1990 त्या देशाचे दोन तुकडे होते. भाषा एक, सणवार एक, आज्या-पणज्या एकाच घरातल्या. पूर्वेकडच्या सरकारला कामगार हवे होते, म्हणून त्यांनी तान्ह्या मुलांपासून पाळणाघरं उघडली, दिवसभराची, जवळपास फुकट. तिथल्या दहातल्या नऊ बायका कामात किंवा शिक्षणात होत्या. पश्चिमेकडे शाळा दुपारी सुटायची, बालवाडी अर्ध्या दिवसाची, मुलानं जेवायला घरी यायचं. 1977 पर्यंत पश्चिम जर्मनीच्या नागरी कायद्यात असं लिहिलेलं होतं की बायकोनं संसाराची कर्तव्यं सांभाळून जमत असेल तरच नोकरी करावी. लहान मूल सोडून कामाला जाणाऱ्या आईला तिथे 'राबेनमुट्टर' म्हणत, म्हणजे पिलांना घरट्यात टाकून जाणारी डोमकावळ्याची मादी. आपल्याकडे 'पोराला लोकांच्या जिवावर टाकून जाते' म्हणतात, तोच सूर. चाळीस वर्षांत एकाच समाजाच्या दोन संस्कृती झाल्या. देश एक झाल्यावरही पूर्वेकडच्या आया मूल लहान असताना जास्त तास काम करत राहिल्या. 2013 मध्ये एकत्र जर्मनीनं एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क दिला, आणि पश्चिमेकडचं चित्रही बदलू लागलं. संस्कृती असते, तिची ताकद असते. पण ती कायद्यानं आणि पाळणाघरानं घडते, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आजचे पुढारलेले देशही यात फार जुने नाहीत. फ्रान्समध्ये 1965 पर्यंत नवरा बायकोच्या नोकरीला हरकत घेऊ शकायचा. आयर्लंडमध्ये 1973 पर्यंत सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की राजीनामा द्यावा लागे. या सगळ्याला पन्नास-साठ वर्षं झाली आहेत, इतकंच.

स्वीडननं दोन गोष्टी केल्या. 1971 मध्ये नवरा-बायकोची एकत्र कर आकारणी बंद केली. आधी बायकोची कमाई नवऱ्याच्या कमाईवर चढवून वरच्या दरानं कर लागायचा, त्यामुळे तिच्या पगारातून हातात थोडंच उरे. मग 1974 मध्ये बाळंतपणाची रजा ही आई-बाप दोघांची रजा केली. आज तिथे एका मुलामागे 480 दिवस मिळतात, त्यातले 90 दिवस बापाचे राखीव. त्यानं घेतले नाहीत तर ते बुडतात, आईला देता येत नाहीत. रजेचे पैसे सरकारी सामाजिक विम्यातून येतात. कंपनीच्या खिशातून ते जात नाहीत, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

जपानमध्ये उलट घडलं. नवऱ्याला बायकोच्या नावे करसवलत मिळायची, पण बायकोची वर्षाची कमाई 10 लाख 30 हजार येनच्या आत असेपर्यंत. पुढे 13 लाख येनचा दुसरा उंबरठा होता; तो ओलांडला की नवऱ्याच्या आरोग्यविम्यातून आणि पेन्शनमधून तिचं नाव निघे, हप्ते स्वतः भरायचे. त्यामुळे दुकानांत पार्ट टाइम काम करणाऱ्या बायका वर्षअखेरीला, नेमक्या गर्दीच्या दिवसांत, शिफ्ट कमी करून घेत. ही भिंत अनेक दशकं टिकली आणि अगदी अलीकडे वर सरकू लागली. गेल्या बारा-तेरा वर्षांत जपाननं पाळणाघरं वाढवली, आणि कामाच्या वयातल्या नोकरी करणाऱ्या बायकांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर गेलं. पण त्यातल्या फार जणी कमी तासांच्या, कमी पगाराच्या कामात आहेत. नेदरलँड्समध्येही काम करणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका पार्ट टाइम आहेत. फरक असा की तिथे पार्ट टाइमवाल्यांना तासाचा दर, रजा, पेन्शन बाकीच्यांसारखंच मिळतं. म्हणून प्रबंधात नुसता सहभागाचा दर मांडू नका, तास आणि तासाचा पगारही मांडा.

भारतात कर वेगवेगळा लागतो, तेव्हा करानं आपलं अडलेलं नाही. आपलं अडतं रजेच्या बिलावर. 2017 च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची पगारी रजा 12 आठवड्यांची 26 आठवडे झाली, पहिल्या दोन मुलांसाठी. कायद्यामागचा हेतू उत्तम. पण ज्यांचा पगार ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या, 21 हजार रुपयांच्या मर्यादेत आहे त्यांना ईएसआयकडून पैसे मिळतात, आणि त्यावरच्या सगळ्यांचा अख्खा पगार मालकानं द्यायचा. सरकार त्यात वाटा उचलत नाही. मी मुलाखतीच्या खोलीत बसलेली आहे, म्हणून सांगते. दोन उमेदवार सारखे असतात, एक सत्तावीस वर्षांची, गेल्याच वर्षी लग्न झालेली. ती उठून गेली की पॅनेलवर कुणी तोंडानं काही बोलत नाही. नुसतं 'कमिटमेंट कशी राहील' असं कुणीतरी म्हणतं, आणि कागद दुसऱ्या गठ्ठ्यात जातो. मी अनेकदा भांडले, काही वेळा जिंकले, बऱ्याचदा नाही. दहा-पंधरा माणसांच्या छोट्या वर्कशॉपवाल्याचं तर खरंच कंबरडं मोडतं. त्याला मी दुष्ट म्हणणार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा आग्रह याचसाठी आहे की हा खर्च एकट्या मालकावर टाकू नये, विम्यातून किंवा सरकारी निधीतून द्यावा. आपण रजा स्वीडनच्या दिशेनं वाढवली आणि बिल मात्र मालकाकडे ठेवलं. अमेरिकेत तर केंद्रीय कायद्यानं पगारी रजाच नाही, 1993 च्या कायद्याची बारा आठवडे बिनपगारी रजा तेवढी आहे. तिथे 2000 च्या सुमाराला बायकांचा सहभाग साठ टक्क्यांपर्यंत चढून थांबला.

याच 2017 च्या दुरुस्तीत पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. मी तेव्हा चाकणच्या एका कारखान्यात होते. वायरिंग हार्नेसची, म्हणजे गाडीच्या वायरींचे जुडगे बांधायची लाइन, बहुतेक मुली आणि बायका, कारण बारीक वायरींचं काम त्यांचे हात सफाईनं करतात आणि, हेही खरं, ठेकेदाराला त्या स्वस्त पडतात. आम्ही पाळणाघर केलं. भिंतींवर हत्ती-मोर काढले, छोट्या गाद्या, दुधाच्या बाटल्यांसाठी फ्रिज, दोन ताई नेमल्या. पहिल्या महिन्यात तीन मुलं आली, दुसऱ्या महिन्यात एक. वरचे म्हणाले, बघा, बायकांना नकोच आहे. मी लाइनवर जाऊन एकीजवळ बसले. तिचा मुलगा दोन वर्षांचा. ती म्हणाली, "मॅडम, आमची बस राजगुरुनगरहून पाच चाळीसला सुटते. मी साडेचारला उठते. झोपेतल्या पोराला अंधारात थंडीत बसमध्ये घालून आणू? आणि तुमचं पाळणाघर उघडतं आठला. सहा ते आठ त्याला कुठं ठेवू, मशिनखाली?"

आम्ही पाळणाघराची वेळ जनरल शिफ्टच्या, म्हणजे ऑफिसच्या वेळेला येणाऱ्या स्टाफकडे पाहून ठेवली होती. जनरल शिफ्टला येणाऱ्या बायका मोजून चार. फर्स्ट शिफ्टच्या बायकांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारायचं काम माझं होतं. नंतर आम्ही वेळ पावणेसहा केली, तरी फारशी मुलं आली नाहीत, कारण बसचा प्रश्न तसाच होता. उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा: ज्या दोन गावांतून जास्त बायका येत, तिथे घरगुती पाळणाघर चालवायला एकेका मावशींना आम्ही महिन्याचे पैसे देऊ लागलो. मूल घरापासून चार दारं पलीकडे, ओळखीच्या मावशींकडे. गैरहजेरी लगेच कमी झाली. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतानं 1997 मध्ये दिवसाला पाच डॉलरमध्ये पाळणाघर सुरू केलं आणि आयांचा सहभाग झपाट्यानं वाढला, त्याचंही मर्म हेच: जवळ, स्वस्त आणि कामाच्या वेळेला उघडं. यातलं एक गळलं तरी बाकीची दोन वाया जातात.

अंतराचं महत्त्व आपल्या महाराष्ट्राला फार आधी कळलं होतं. 1972 च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. पुढे देशभराच्या 2005 च्या कायद्यात काम घरापासून पाच किलोमीटरच्या आत द्यायचं, लांब असेल तर दहा टक्के मजुरी जास्त, पुरुष-बाईला एकच दर, आणि सहा वर्षांखालची पाच मुलं असली की त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची, असं आलं. कायद्यात बायकांसाठी एक तृतीयांश वाटा सांगितला होता. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त मनुष्यदिवस बायकांचे भरले. ज्या बायका 'घरीच असतात' म्हणून सांगितल्या जात, त्याच कामावर आल्या. गावं तीच होती, संस्कृतीही तीच होती.

शहरात अंतराला भीती जोडली जाते. 2007 मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीवर कंपनीच्या कॅबमध्ये अत्याचार होऊन तिचा खून झाला. त्या आठवड्यात कितीतरी घरांत मुलींच्या नोकऱ्या सुटल्या, आणि किती सुटल्या याची नोंद कुठेही नाही. मग नियम कडक झाले: कॅबमध्ये पहिली चढणारी आणि शेवटी उतरणारी बाई एकटी नको, असली तर सोबत गार्ड हवा. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने आणि आस्थापना कायद्यानं रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीनं आणि सुरक्षेची, वाहनाची सोय करून काम देता येतं. कागदावर चांगलं आहे. पण बसच्या स्टॉपपासून घरापर्यंतच्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर दिवा आहे का, हे कुठल्याच कायद्यात येत नाही, आणि बायका नोकरी सोडतात त्या याच अर्ध्या किलोमीटरमुळे. पुण्याच्या मुलींनी स्कूटर धरली ती हौसेनं नव्हे; तोंडाला स्कार्फ बांधून त्या स्वतःची वेळ स्वतः ठरवू शकल्या. सौदी अरेबियात 2018 मध्ये बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली, 2019 मध्ये पुरुष पालकाच्या सहीशिवाय पासपोर्ट मिळू लागला, दुकानांत आणि ऑफिसांत जागा खुल्या झाल्या. पाचात जेमतेम एक बाई कामात होती, ती काही वर्षांत तिघींत एक झाली.

बांगलादेशबद्दल विचारलंत. सहभागाच्या नुसत्या दरात आता आपण त्यांच्या जवळपास आलो आहोत. ते खरे पुढे आहेत ते कारखान्याच्या पगारात. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथे तयार कपड्यांचा धंदा सुरू झाला, आणि लाखो मुली ढाका, गाझीपूरला येऊन चार-पाच जणींनी मिळून खोल्या भाड्यानं घेऊन राहू लागल्या. एका जागी हजारो जणी असल्या की एकटीला लागणारं धाडस लागत नाही. मुलगी कमावते म्हटल्यावर लग्नं पुढे गेली, शाळेची वर्षं वाढली. त्याची किंमतही त्यांनी मोजली. 24 एप्रिल 2013 ला राणा प्लाझा कोसळून 1,100 हून जास्त माणसं गेली, बहुतेक याच मुली. व्हिएतनाममध्येही कपडे, बूट, इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने बायकांच्या जोरावर उभे आहेत. जास्त हात लागणारे कारखाने आपल्याकडे त्या प्रमाणात आलेच नाहीत. पुणे पट्ट्यात मोटारी आल्या, आणि गाडीच्या लाइनवर आयटीआय झालेली मुलं घेतली गेली. मुलींना आयटीआयमध्ये शिवण आणि ब्यूटी पार्लर दाखवलं गेलं. फिटर, वेल्डरचं काम मागायला मुली येत नाहीत असं म्हणणाऱ्यांना मी एकच विचारते, तुमच्या शॉप फ्लोअरवर बायकांचं स्वच्छतागृह किती पावलांवर आहे?

आता जी गोष्ट आमच्या क्षेत्रात कमी बोलली जाते ती. हिंजवडीतल्या इंजिनिअर मुलीचे आठ तास मोकळे होतात ते पोळ्यावाल्या काकू सकाळी सातला येतात म्हणून. 1980 मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी पगारवाढीसाठी संप केला होता. तेव्हा कितीतरी सुशिक्षित घरांना पहिल्यांदा कळलं की आपली नोकरी कुणाच्या हातावर उभी आहे. त्यातून त्यांची संघटना झाली, 2008 मध्ये घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण काकूंचं धाकटं मूल कुणाकडे असतं? बऱ्याचदा त्यांच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीकडे, आणि ती मुलगी त्या दिवशी शाळेत नसते. स्वीडनमध्ये हे ओझं सरकारी पाळणाघर उचलतं, आपल्याकडे ते एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे, तिच्याकडून तिच्या मुलीकडे सरकतं. याच शहरात कचरा वेचणाऱ्या बायकांची 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली आणि त्यांच्या कामाला ओळखपत्र मिळालं. ओट्यावरच्या ताईंना मोजायला हवं म्हणते ते यासाठीच.

आणि पुरुष? 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांनी त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवली, पुरुषांनी 97. आणि ते 97 सुद्धा फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे. असे पुरुष चारात एक. पाच तास विरुद्ध दीड तास. या साडेतीन तासांत चाकणला जाऊन-येऊन होतं. 24 ऑक्टोबर 1975 ला आइसलँडमधल्या दहातल्या नऊ बायकांनी एक दिवस नोकरी, स्वयंपाक, मुलं, सगळं बंद ठेवलं. बाप मुलांना घेऊन ऑफिसात गेले, शाळा आणि दुकानं बंद पडली. पुढच्याच वर्षी तिथे समानतेचा कायदा आला. आमच्याकडे मी वडिलांसाठी दोन आठवड्यांची पगारी रजा सुरू करवली होती. पहिल्या वर्षी ती घेणारा एकच होता, आणि त्याला त्याच्या सुपरवायझरनं विचारलं, "बाळंतपण तुझं आहे की बायकोचं?" स्वीडनमध्ये बापाचे दिवस बुडतात म्हणून तो ते घेतो. जपाननं बापांना भरपूर रजा दिली, पण कित्येक वर्षं ती मोजक्यांनीच घेतली, कारण घेणाऱ्याकडे साहेब कसा पाहील याची भीती होती.

प्रबंधासाठी माझं सांगणं: प्रश्नावलीत 'घरच्यांचा पाठिंबा आहे का' हा प्रश्न ठेवू नका, त्याचं उत्तर सगळे चांगलंच देतात. त्याऐवजी शेवटची बस किती वाजता, मूल दुपारी कुणाजवळ, स्टॉपपासून घर किती, मागची नोकरी कुठल्या महिन्यात सोडली, हे विचारा.

संस्कृतीचा शेवटचा मुद्दा. एकदा कडूस भागातून एक मुलगी मुलाखतीला आली, सोबत नऊवारीतल्या सासूबाई. सिक्युरिटीवाल्यानं त्यांना गेटवरच थांबवलं होतं; मी आत बोलावलं. मला वाटलं, नाही म्हणायला आल्या असतील. त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, बस गावात येते की फाट्यावर? लाइनवर वर बाई आहे की बाप्या? आणि दिवे लागायच्या आत ती घरी येईल का? बस फाट्यावरच येत होती, गावापासून दीड किलोमीटर. मी खरं तेच सांगितलं. त्या उठल्या, सुनेला म्हणाल्या, चल. मी ट्रान्सपोर्टच्या माणसाबरोबर नकाशा घेऊन बसले. रूट वळवला तर बसला अकरा मिनिटं जास्त लागत होती. पंधरा दिवसांनी बस गावात गेली. पहिल्या दिवशी त्या सासूबाई कंदील घेऊन सुनेबरोबर चावडीपाशी उभ्या होत्या, असं ड्रायव्हरनं मला सांगितलं. दिवाळीपर्यंत त्याच स्टॉपवर आणखी पाच जणी चढू लागल्या.